लसणीचं तूप

लसणीला मी नावं ठेवत न्हाई. माज्या चुलीवर रोज लसूण पडती, तिच्याबिगर कालवणाला चवच लागत न्हाई मला. पण लसणीचं तूप मांजराच्या तोंडाला लागू देऊ नका, एवढं मी म्हणले की ह्या आजकालच्या पोरी तोंडाला पदर लावून हसत्यात. हसा. तुमाला काय ठाव, माजी बना त्या तुपापायी हातची जाता जाता राह्यली ते.

भोर संस्थानाचा अंमल व्हता तवाची गोष्ट. आमचं घर राजगडाखाली, पालीच्या वरच्या अंगाला एका वाडीत. खाली भाताची खाचरं, वर रान, आन् घरात चार माणसं. मी, माजे धनी, सासू बाळाबाई आन् माजी पोर बना. बनाच्या आधीची लेकरं माजी पाळण्यातच गेली व्हती. त्यामुळं बना पडवीतनं अंगणात उतरली तरी माजा जीव वरखाली व्हायचा. चालायला लागून बोलायला लागली, चुलीपाशी बसून माज्याशी भांडायला लागली, तरी माजं भ्या जात न्हवतं.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांचं औषध साऱ्या खोऱ्यात चालायचं. वेल्ह्याकडनं बायका लेकरं काखोटीला मारून यायच्या. पोरगं रडत यायचं आन् निजून जायचं. ओवा, सुंठ, वेखंड, अडुळसा, निरगुडी सगळं त्यांच्या गाठोड्यात असायचं, पण खरा भरवसा लसणीवर. पोट दुखलं लसूण, कान ठणकला लसूण, बाळंतिणीला लसूण. बायका त्यांच्या पाया पडायच्या. मी बी पडायची, पण दात खाऊन. आमचं पटत न्हवतं हे सांगून टाकते, न्हाईतर पुढचं तुमाला कळायचं न्हाई. माज्या हाताला त्यांनी कधी बरं म्हणलं न्हाई, आन् म्या त्यांच्या जिभेला कधी माफ केलं न्हाई.

भुरी नावाची एक मांजर व्हती घरात. कणगीतल्या भाताला उंदीर लागायचे म्हणून धन्यांनी आणलेली. ती चुलीपाशी दिसली की आत्याबाई हाताला लागंल ते लाकूड फेकायच्या. मांजर म्हंजे चोराची जात, असं त्यांचं म्हणणं. बना मात्र तिच्यासंगं जेवायची, तिच्यासंगं निजायची. आपल्या ताटातला भात अगुदर तिच्यापुढं, मग आपल्या तोंडात. म्या कितींदा रागं भरले असंल, पण आतनं बरंच वाटायचं. एकली पोर, तिला कुणी तरी सोबतीला पायजेच की.

त्या पौषात वाडीत डांग्या खोकला शिरला. बनाला लागला तवा म्या आदी मनावर घेतलं न्हाई. पण मग उबळ आली की थांबंना. पोर खोकता खोकता वाकायची, तोंड निळं पडायचं, डोळे बाहेर यायचे आन् शेवटाला श्वास आत वढताना असा आवाज व्हायचा की मी कानावर हात ठेवायची. खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. उबळ गेली की ती माज्याकडं बघायची, जसं काय म्याच तिला काय केलंय. पाळण्यातली ती लेकरं माज्या डोळ्यापुढनं हलत न्हवती.

धनी म्हणाले, भोरला संस्थानच्या दवाखान्यात न्यावी. आत्याबाई म्हणाल्या, गाडीचे हिसके बसून पोर वाटंतच जाईल. ह्यात त्यांचं काय चुकलं न्हवतं, पोरीला मांडीवरनं खाली ठेवलं तरी उबळ यायची. मग धनी एकलेच जाऊन बाटली घिऊन आले. औषध कडू जहर. म्या म्हणले, "बने, गुळाचं पाणी हाय, पी." तिनं विश्वासानं घोट घेतला आन् सगळा माज्या लुगड्यावर थुंकला. तवापासून माज्या हातातली वाटी दिसली की ती तोंड फिरवायची.

आत्याबाईंनी आपलं तूप कढवलं. सोललेली लसूण तुपात काळी हुईस्तवर कढवायची, वरनं ओवा टाकायचा आन् गाळून घ्यायचं. ते तूप कोमट करून बनाच्या छातीला, पाठीला, तळपायांना चोळायचं. गळ्यात लसणीच्या पाकळ्यांची माळ. सारं घर लसणीनं घमघमायचं. बनाच्या अंगावर गोधडी टाकली की भुरी यायची आन् तिच्या छातीवर बसून घुरघुरायची. खरं सांगते, त्या घुरघुरीनं पोरीचा श्वास जरा सावकाश व्हायचा. मांजर उचलून बाजूला ठेवली की बना रडायची, रडली की उबळ यायची, आन् उबळ आली की माज्या जिवाचं पाणी व्हायचं. म्हणून भुरीला कुणी हालवत न्हवतं. आत्याबाई सुदिक न्हाई.

भुरीला त्या तुपाची गोडी लागली. नुसती लसूण असती तर मांजरानं नाक बी लावलं नसतं, पण तूप म्हणल्यावर कोण सोडतंय. ती बनाचे तळपाय चाटायची, गळा चाटायची. बनाला गुदगुल्या व्हायच्या आन् पोर हसायची. लई दिसांनी माज्या घरात कुणी हसलं व्हतं. मी बी हसले. चाट बाई, म्हणले, किती चाटायचं ते चाट.

हळूहळू बनाला उतार पडला. उबळीत अंतर पडायला लागलं. पेज पोटात टिकायला लागली. म्या देवळीत दिवा लावला, धन्यांनी वावराचं तोंड बघितलं, आन् त्याच दिसांत भुरी बसायला लागली. बसायला म्हंजे उठंना. कणगीखालनं उंदीर तिच्या नाकापुढनं गेला तरी तिनं मान उचलली न्हाई. बरगड्या भात्यावानी हालत व्हत्या. म्या तिचा ओठ वर करून बघितला, तर आतलं लाल मांस धुतल्या फडक्यासारखं पांढरं पडलेलं.

आत्याबाईंनी बी ते बघितलं. त्या खाली बसल्या, बघत राह्यल्या, आन् मग त्यांनी त्या मांजरीपुढं दोन्ही हात जोडले.

"सखू," त्या म्हणाल्या, "पोरीचं दुखणं भुरीनं घेतलं."

शेजारची चंद्राबाई विस्तव न्यायला आली व्हती. तिनं ते ऐकलं, आन् चंद्राबाईनं ऐकलं म्हंजे वाडीनं ऐकलं. दुसऱ्या दिशी बायका हळदीकुंकू घिऊन आल्या. भुरीच्या कपाळाला कुंकू लावलं, पुढं दूध ठेवलं. "जनावर असून जीव द्यायला निघाली," असं एकमेकींना सांगत्या झाल्या. मला बी ते खरंच वाटलं, कशाला खोटं बोलू. माजी पोर सुटली व्हती. कुणाच्या जिवावर सुटली हे इचारायची ताकद माज्यात न्हवती.

आन् आत्याबाई, ज्या लाकडं फेकायच्या, त्या आता भुरीपाशी बसून राहायच्या. आपलं धडुतं तिच्याखाली अंथरलं. म्हणाल्या, "हिनं आपल्या पोरीसाठी एवढं केलं, तर हिला औषधाबिगर मरू द्यायचं व्हय?" त्यांच्यापाशी औषध एकच. त्यांनी लसूण वाटून तुपात कालवली आन् बोटानं भुरीच्या टाळूला लावली. परत लावली. परत लावली. माणसाला करावं तसं केलं बघा त्या बाईनं.

हे सगळं बनाच्या उशापाशी चाललं व्हतं. मोठी माणसं लेकरांच्या डोक्यावरनं बोलत्यात, जसं काय लेकरांना कान नसत्यात. बनानं सगळं ऐकलं.

एका सकाळी मी पाणी भरून आले तर बना गोधडीतनं बाहेर आलेली. भुरीपुढं पालथी पडून तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास वढत व्हती. गळ्यातली लसणीची माळ काढून तिनं भुरीच्या गळ्यात घातली व्हती.

"बने, काय करतीस गं?"

"माजं मला परत घितीया," ती म्हणाली. "दे की गं भुरे. माजं हाय ते. मला दे."

म्या तिला उचललं तर उबळ आली. उबळ गेल्यावर तिनं आत्याबाईंना इचारलं, "आजे, मी बरी झाले तर भुरी मरणार का?"

आत्याबाईंना वाटलं पोरीला समजावून सांगावं. म्हणाल्या, "जिवाला जीव द्यावा लागतो बाळा. तिनं आपल्या खुशीनं दिला."

बास. तिथनं पोरीनं तोंड मिटलं. पेज नको, दूध नको, औषध नको. अंगाला तूप लावू देईना, म्हणायची भुरीला लावा. मी पेजेची वाटी पुढं केली की दात घट्ट. मी रडले, तिच्या गालात दिली, मग परत पोटाशी धरली. ती मारलं तरी रडत न्हवती. तिनं ठरवलं व्हतं की आपण बरं व्हायचं न्हाई, म्हंजे भुरीला मरावं लागणार न्हाई. एवढंसं लेकरू, त्याच्या डोक्यात हे बसलं आन् निघंना. उतरलेला खोकला परत चढला. पोटात काय नसायचं, नुसतं पाणी उलटायचं. डोळे खोल गेले. पाळण्यातल्या त्या लेकरांचे असेच गेले व्हते. मला सगळं ठाव व्हतं, पुढं काय हुईल ते बी ठाव व्हतं, आन् घरात कुणाला काय सुचत न्हवतं. धनी नुसते उंबऱ्यावर बसून तंबाखू चोळायचे. मला त्या तंबाखूचा असा राग यायचा की सांगता येत न्हाई.

भुरीखालचं धडुतं म्या झटकायला उचललं तवा बघितलं. ती त्याच्यावरच मुतली व्हती, आन् ते कात कालवलेल्या पाण्यागत लाल व्हतं. असं लाल मी अगुदर बघितलं व्हतं.

माजं माहेर कापूरहोळच्या अलीकडं. माजा बा कांदा करायचा. एकदा गाय सुटून कांद्याच्या ढिगात शिरली आन् मनमुराद खाल्ला तिनं. मग ती पडली. मूत लाल, डोळ्याची आतली कड पांढरी, धाप. बा म्हणाला, कांद्यानं रगत नासलं हिचं. त्यानं गाय कांद्यापासनं लांब बांधली, नुसतं गवत आन् पाणी दिलं, आन् गाय उठली. म्या ते माज्या डोळ्यांनी बघितलं व्हतं. कांदा आन् लसूण काय येगळी हायती? सोलायला बसा, वास सांगतो दोघं एका घरची.

मी तिथंच बसून एकेक आठवायला लागले. भुरीनं ह्या घरात काय काय तोंडात घेतलं. वृंदावनातली तुळस ती जाता येता चावायची, कधी काय झालं न्हाई. गवत खाऊन वकायची, ते सगळीच मांजरं करत्यात. परसातल्या खोकलीच्या झाडाची मुळी उकरून तिच्यावर येड्यागत लोळायची, तिचं बी काय झालं न्हाई. अडुळशाला नि निरगुडीला ती कधी तोंड लावायची न्हाई. ओवा हुंगून शिंकायची. पोटात नवीन गेलं ते एकच. बनाच्या अंगावरनं गेलं, आत्याबाईंच्या बोटावरनं गेलं, आन् बनानं माळ घातली त्यातनं बी गेलं. सगळ्यांनी माया करून करून तिला तेच घातलं व्हतं.

मी तडक आत्याबाईंकडं गेले.

"आत्याबाई, भुरीला दुखणं बिखणं काय न्हाई. तिला लसूण बाधलीया."

त्या पाटा धूत व्हत्या. वर न बघता म्हणाल्या, "लसूण कुणाला बाधत न्हाई."

"माज्या बाची गाय कांद्यानं अशीच पडली व्हती. असंच लाल मुतली व्हती."

"गाय म्हंजे मांजर न्हवं, आन् कांदा म्हंजे लसूण न्हवं. माज्या लसणीनं ह्या खोऱ्यातली लेकरं जगली. तुजी बी जगती व्हती. आता तू मला शिकवणार?"

"जगती व्हती ना? मग आता बघा जाऊन कशी पडलीया ती. तुमच्या तोंडच्या बोलण्यानं पडलीया."

म्या घरातली सगळी लसूण, ती तुपाची वाटी, ती माळ, सगळं उचललं आन् शेणाच्या खड्ड्यात टाकलं. आत्याबाईंनी अडवलं न्हाई. भुरीच्या अंगाला म्या नाचणीचं पीठ चोळून तूप काढलं, कोमट पाण्यानं पुसलं. कापसाच्या बोळ्यानं तोंडात पाणी सोडलं. परसात जाऊन खोकलीची मुळी उकरून आणली आन् तिच्या नाकाशी धरली. नाकपुड्या हालल्या. पुढचा पाय हळूच त्या मुळीवर ठेवला तिनं, आन् तेवढ्यानंच दमली.

मग बनाला मांडीवर घेतलं. म्हणले, "बाळ, भुरीनं तुजं काय घेतलं न्हाई. तिनं लसूण खाल्ली, म्हणून ती आजारी हाय. तू जेवलीस तरी तिला काय व्हत न्हाई. तू न्हाई जेवलीस तरी तिला काय फरक पडत न्हाई."

ती माज्याकडं बघत राह्यली. मग म्हणाली, "तू मला खायला घालाया खोटं बोलतीस. औषधाला गुळाचं पाणी म्हणली व्हतीस."

माज्या तोंडात मारल्यागत झालं. त्या पोरीपुढं माज्या शब्दाला किंमत राह्यली न्हवती. आजीनं सांगितलेलं आजीच काढू शकत व्हती.

मी परत आत्याबाईंकडं गेले. ह्या खेपंला भांडायला न्हाई. खाली वाकले, पाय धरले.

"तुमी सांगा तिला. तुमी म्हणा की भुरीनं दुखणं घेतलं न्हाई, म्या लसूण चारली. एवढंच म्हणा. ती तुमचंच ऐकंल."

त्यांनी पाय मागं घेतले. "आन् दुखणं परत पोरीवर आलं म्हंजे? घेतलंय ते घेतलंच न्हाई म्हणायचं? असं बोलल्यावर ते जनावर तरी कशाला धरून ठेवील? सखू, मी पोरीला मारून टाकू व्हय?"

त्यांच्या डोळ्यांत म्या भ्या बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटत व्हतं त्या हट्टापायी तोंड उघडत न्हाईत. तसं न्हवतं. त्या माज्याइतक्याच घाबरल्या व्हत्या, पण दुसऱ्या बाजूनं. आन् एक गोष्ट त्यांनी तोंडानं काढली न्हाई, पण मला ठाव व्हती. आमच्याकडं मांजर मारणं म्हंजे थोर पाप. ज्याच्या हातनं मांजर मेलं त्याच्या हातचं पाणी कुणी घेत न्हाई. मग औषध कोण घेणार? ज्या बाईच्या दारात सारं खोरं येत व्हतं, तिनं हे आपल्या तोंडानं कसं म्हणायचं?

मी उठले. मला त्यांचा राग बी येईना. रागाला सुदिक अंगात बळ लागतं.

दुपारी भुरी गेली. ऊन पडवीत आलं व्हतं. बनाचा हात तिच्या पाठीवर व्हता. बरगड्या हालायच्या थांबल्या ते तिला माज्या अगुदर कळलं. ती रडली न्हाई. हात काढून घेतला आन् भिंतीकडं तोंड करून निजली. म्या हाक मारली, वळली न्हाई. ओठ सुकून तडकले व्हते, पाण्याचा बोळा लावला तर पाणी गालावरनं खाली गेलं. खोकला आला तर नुसतं अंग हाललं, आवाज बी आला न्हाई. खोकायला बी ताकद लागती, ती तिनं सोडून दिली व्हती. म्या तिच्या छातीवर कान ठेवला. आत काय तरी चालू व्हतं, पण लांब कुठं तरी.

वाडीतल्या बायका जमल्या. आत्याबाईंनी रीतीप्रमाणं तांब्यातनं सगळ्यांना पाणी दिलं. चंद्राबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काय भाग्याची पोर. मांजरीनं आपला जीव तिला दिला."

बनाच्या पाठीचं हाड हाललं. तिनं ऐकलं व्हतं. ती आणखी भिंतीला चिकटली.

मी चंद्राबाईच्या अंगावर धावले असते. पण माजं तोंड आत्याबाईंकडं वळलं. बोलून झालं व्हतं सगळं. नुसती बघत राह्यले त्यांच्याकडं. त्या बनाच्या पाठीकडं बघत व्हत्या. किती येळ बघत व्हत्या कुणास ठाव. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आन् पोरीच्या उशाशी जाऊन बसल्या.

"बने, इकडं बघ."

पोर हालली न्हाई.

"नको बघू. कान हायती न्हवं, ऐक. भुरीनं तुजं काय बी घेतलं न्हाई. मांजर कशाला कुणाचं दुखणं घेतंय? उंदीर धरायचं जनावर ते. म्या तिला लसूण चारली. वाटून चारली, बोटानं चारली. तुजी आई लसूण बाधली म्हणत व्हती, म्या ऐकलं न्हाई. लसणीनं तिचं रगत नासलं. तुज्यापायी न्हाई मेली ती." त्यांनी आवाज वर काढला, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असा. "म्या मारली तुजी भुरी."

चंद्राबाईच्या हातातलं पाणी तसंच राह्यलं.

बना वळली. लई हळू वळली. आजीच्या तोंडाकडं बघितलं, तिथं खोटं शोधलं तिनं.

"तू मारलीस?"

"म्या मारली."

"तिनं माजं न्हाई घेतलं?"

"न्हाई घेतलं. म्या मारली तिला."

पोरीनं हात उचलला आन् आजीच्या तोंडावर मारला. काय बळ असणार त्या हातात. पण मारला. मग दुसरा. मग दोन्ही मुठींनी, गालावर, नाकावर, कपाळावर, आन् तोंडानं हुंदका फुटला, भुरे भुरे करत पोर मोठ्यानं रडायला लागली. आत्याबाई मागं सरल्या न्हाईत. उलट वाकून तोंड आणखी पुढं केलं, म्हंजे तिचा हात पोचावा. चंद्राबाई हात धरायला पुढं झाली तर त्यांनी तिला ढकललं.

"मारू दे तिला. हात उचलतीया बघ पोर."

रडता रडता उबळ आली. खणखणीत आली, आवाजासकट. आत्याबाईंनी तिला मागनं धरली तर बनानं त्यांचे हात झिडकारले आन् माज्याकडं सरकली. म्या धरली. उबळ सरली, पोरीनं श्वास वढला आन् परत रडायला लागली. मी आयुष्यात कुणाच्या रडण्यावर एवढी खूश झाले न्हाई. देवा, किती रडली.

बायका एकेक करून उठल्या. चंद्राबाईनं हातातलं पाणी अंगणात नेऊन मातीत वतलं आन् भांडं पालथं घालून गेली. आत्याबाईंनी ते बघितलं.

म्या दूध तापवायला उठले तर चुलीपाशी त्या उभ्या. गालावर पोरीच्या नखाचा वरखडा. दुधाची वाटी भरून त्यांनी माज्या हातात दिली.

"तू पाज. माज्या हातचं आता ती घ्यायची न्हाई."

"आत्याबाई, तुमी खरं बोलला," मी म्हणले. "लई मोठं काम केलं तुमी."

त्यांनी मान हलवली. हळू, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाल्या, "खरं कशाचं. घेतलं व्हतं गं भुरीनं. म्या बघितलं हाय. आता ते दुखणं मोकळं झालं. पोरीकडं परत यिऊ नये, माज्याकडं यावं, एवढं देवाला सांग. तुजं ऐकंल तो, माज्या तोंडून आज खोटं गेलंय."

वाटी घिऊन मी बनापाशी आले. तिनं वाटीत बघितलं, माज्याकडं बघितलं.

"दूधच हाय न्हवं?"

"दूधच हाय," मी म्हणले.

तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली आन् पिऊ लागली. बाहेर अंगणात आत्याबाई आमच्याकडं पाठ करून बसल्या व्हत्या, आन् पोरीचा घोट वाजला की त्यांची मान हालायची.